आईला कळवलेली लढाई

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाला घरी खुशाली कळवता यावी म्हणून सरकारने एक छापील कार्ड काढलं होतं. नमुना क्रमांक ए २०४२. वाक्यं आधीच छापलेली: मी ठीक आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुमचं पत्र, तार, पार्सल मिळालं, बऱ्याच दिवसांत तुमचं काही आलं नाही. लागू नसेल ते खोडायचं, खाली सही-तारीख घालायची, संपलं. वर आणखी एखादा शब्द लिहिला तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी ताकीदही त्यावरच छापलेली. आपल्याकडच्या ‘पत्रास कारण की’नंतर निदान कारण तरी लिहिता येतं. इथे तीही सोय नव्हती.

या कार्डावर एक वाक्य असं होतं की, मला पिछाडीच्या तळावर पाठवलं जात आहे. विल्फ्रेड ओवेन या तेवीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटने फ्रान्सला निघण्यापूर्वी आईशी ठरवून ठेवलं होतं: हे वाक्य एका रेघेऐवजी दोन रेघांनी खोडलेलं दिसलं, तर समजायचं की मी आघाडीवर चाललो. पत्रांसाठी दुसरी खूण. मजकुरात ‘मिसलटो’ हा शब्द आला, म्हणजे इंग्रज लोक ख्रिसमसला घरात टांगतात त्या बांडगुळाचं नाव, की पुढच्या मजकुरातली ठरावीक अक्षरं जुळवायची आणि मुलगा कुठे आहे ते गाव शोधायचं. जागेचं नाव घरी कळवणं हा गुन्हा होता. आणि गंमत अशी, की आपल्या तुकडीतल्या शिपायांच्या पत्रांतून अशी नावं खोडून काढणं हे याच ओवेनच्या नोकरीतलं एक काम होतं.

ओवेन आज जगाला माहीत आहे तो कवी म्हणून. युद्धाच्या इंग्रजी कवितेचा विषय निघाला की त्याचं नाव पहिल्या दोन-तिनांत येतं. पण त्याच्या मागे सहाशेहून अधिक पत्रंही उरली आहेत आणि त्यांतली बहुतेक सगळी त्याच्या आईला, सुझनला लिहिलेली आहेत. घरी पत्र लिहिणारे सैनिक सहसा धोका लपवतात, जेवणखाण सांगतात. ओवेन दोन्ही सांगतो, तेही एकाच परिच्छेदात, मधे दम न घेता. मात्र कुणाला किती सांगायचं याचा त्याचा हिशेब ठरलेला होता, आणि तो हिशेब कसकसा बदलत गेला हे बघण्यासाठी तरी ही पत्रं ओळीने वाचावीत.

घर मध्यमवर्गीय, पैशाची ओढाताण असलेलं. वडील टॉम तरुणपणी हिंदुस्थानात राहून परतलेले, नंतर रेल्वेच्या नोकरीत. आई धर्मभोळी म्हणावी इतकी भाविक. विल्फ्रेड चार भावंडांत थोरला, १८९३चा. विद्यापीठाचं शिक्षण परवडलं नाही. काही काळ एका पाद्र्याच्या हाताखाली उमेदवारी केली, मग फ्रान्समध्ये बोर्दोला जाऊन इंग्रजीच्या शिकवण्या. ऑक्टोबर १९१५मध्ये तो सैन्यात भरती झाला, पुढच्या जूनमध्ये मँचेस्टर रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला आणि १९१६ संपता संपता फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. सोमची लढाई नोव्हेंबरात थांबली होती. थांबली म्हणजे मोठे हल्ले थांबले. तोफा चालूच होत्या.

१६ जानेवारी १९१७चं पत्र हे त्याचं आघाडीवरचं पहिलं खरं पत्र म्हणायला हवं. सुरुवातीलाच तो आईला सांगून टाकतो की, गेल्या चार दिवसांबद्दल तुझी फसवणूक करण्यात काही अर्थ दिसत नाही. मग चिखल. साधा रस्त्यावरचा राडा नव्हे. तीन, चार, कुठे पाच फूट खोल चिकणमाती, पाय धरून ओढणारी, आणि मधे मधे गोळ्यांनी पडलेले पाण्याने भरलेले खड्डे. त्यांत माणसं बुडून मेली आहेत, असं तो आईला लिहितो. काही जण चिखलात रुतले ते शस्त्रं, सामान, अंगावरचे कपडे तिथेच सोडून कसेबसे बाहेर निघाले. वरून तोफगोळे आणि मशीनगन.

त्याला सांभाळायला दिलेली जागा म्हणजे दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात जर्मनांनी खोदून सोडलेला एक डगआउट, जमिनीखालचा आसरा. पंचवीस माणसं त्यात दाटीवाटीने कोंबलेली. पाणी फूट-दोन फूट साचलेलं. आत उतरायच्या दोन वाटांपैकी एक गोळा पडून बुजलेली. जर्मनांना ही जागा ठाऊक होती, कारण ती त्यांनीच खणलेली, त्यामुळे उरलेल्या वाटेवर त्यांच्या तोफांनी नेम धरला. असे पन्नास तास. पहारेकरी वर उघड्यावर उभे करणं म्हणजे त्यांना मारणंच, म्हणून गोळाबारी वाढली की ओवेन त्यांना पायऱ्यांवर अर्ध्यात उभं करी. तरी त्यांतला एक पोरगा स्फोटाने खाली फेकला गेला आणि आंधळा झाला. पाणी हळूहळू गुडघ्यांवर चढत होतं, आणि या पाण्यात स्वतःला सोडून द्यावं असं क्षणभर वाटलं, हेही त्याने आईला कळवलं आहे. संध्याकाळी मारा जरा ओसरल्यावर तो दुसऱ्या चौकीची खबर घ्यायला निघाला. जेमतेम दीडशे यार्ड अंतर. रांगत, चढत, पाण्यातून वाट काढत त्याला अर्धा तास लागला.

त्या आंधळ्या झालेल्या पोराने ओवेनला सोडलं नाही. ‘द सेंट्री’ ही कविता त्याच्यावरच आहे, आणि ती पुरी व्हायला १९१८ उजाडावं लागलं. पत्र मात्र आठवडाभरात श्रूजबरीच्या घरी पोचलं असणार.

ब्रिटिश टपालखात्याचा हा कारभार खरोखर बघण्यासारखा होता. फ्रान्सला जाणारं टपाल लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये उभारलेल्या एका अवाढव्य लाकडी इमारतीत पलटणवार लागे. भरात असताना आठवड्याला सुमारे १ कोटी २० लाख पत्रं तिथून जात. शिवाय पार्सलं. रात्री शिधा पुढे नेणाऱ्या गाड्यांबरोबर टपालाची पोती खंदकांकडे जात, आणि साधारण दोन-तीन दिवसांत इंग्लंडमधलं पत्र चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती पडे. घरून केक येत, मोजे येत. ओवेनच्याही पत्रांत मागण्या असतात: मोजे, सिगारेटी, गोड खाऊ. डगआउटच्या हकिकतीनंतर थोड्याच दिवसांनी मोज्यांची आठवण करून देणं त्याला अवघड वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. ओले पाय सुजून, सडून निकामी होण्याचं दुखणं त्या हिवाळ्यात इतकं पसरलं होतं, की माणसांचे पाय रोज तपासणं, त्यांना तेल चोळायला लावणं आणि मोजे बदलायला लावणं ही प्लॅटूनच्या अधिकाऱ्याची जबाबदारीच होऊन बसली होती. मोजे ही तिथे चैनीची वस्तू नव्हती.

१९ जानेवारीच्या पत्रात विनोद आहे, तोही कडवट. दोन खंदकांमधल्या त्या उद्ध्वस्त पट्ट्याला इंग्लंड म्हणावं, कारण तिथे वरचढ आपण आहोत, अशी टूम कुणीतरी काढली होती. ओवेन आईला म्हणतो, मग मी माझ्या घराला जर्मन तोफा बनवणाऱ्या क्रुपचं नाव देतो आणि मुलीचं नाव विषारी वायूंवरून ठेवतो. घरबसल्या इंग्रजांनी नुसती आशा करून भागायचं नाही, आवाज उठवला पाहिजे, असंही तो लिहितो. म्हणजे आईला लिहिताना त्याच्या नजरेसमोर फक्त आई नव्हती. एका भाविक, काळजीखोर बाईच्या मार्फत त्याला साऱ्या इंग्लंडशी भांडायचं होतं. याचा सुझनला काय त्रास झाला असेल, हा प्रश्न पत्रं वाचताना सारखा पडतो. तिची उत्तरं पुढ्यात नसल्यामुळे तो तसाच राहतो.

मग थंडी आली. १९१७चा तो हिवाळा फ्रान्समध्ये कित्येक वर्षांत पडला नव्हता असा कडक. ओवेनची प्लॅटून उघड्या बर्फावर पडून होती, कारण आसरा घ्यायला तिथे काहीच नव्हतं आणि दिवसा हललं की गोळी. साऱ्या प्लॅटूनमध्ये मिळून पाच छोट्या स्पिरिटच्या चुली. पाण्याच्या डब्यांत बर्फ झालेला, आणि पाच चुलींनी तो वितळेना. चहूकडे बर्फ असून माणसं तहानेने कासावीस झाली. ४ फेब्रुवारीच्या पत्रात त्याला नवल वाटतं ते सगळेच कसे मेलो नाही याचं. प्रत्यक्षात थंडीने गोठून एकच गेला. तो एक कोण, हे आईला सांगितलेलं नाही. पायांच्या ठणक्याबद्दल मात्र भरपूर. हे पत्र त्याने आबव्हीलहून लिहिलं, जिथे त्याला वाहतुकीच्या एका अभ्यासक्रमासाठी पाठवलं होतं. अंथरूण मिळालं, धुतलेले कपडे मिळाले, आणि मग हात चालला. त्याची सगळ्यात भयंकर पत्रं बहुधा अशाच सुरक्षित जागी बसून लिहिलेली आहेत. ऐन माऱ्यात लिहिलेली पत्रं त्रोटक आणि हसरी.

प्लॅटूनच्या शिपायांची पत्रं तपासण्याच्या कामाबद्दल आता. संध्याकाळी मेणबत्तीपाशी ढीग यायचा. गावाचं नाव, पलटणीचा आकडा, मृतांची संख्या दिसली की शाईची रेघ. बाकी मजकूर बहुतेक एकसारखा: तुम्ही मजेत असाल, मीही मजेत आहे, मुलांना माझा पापा. अधिकाऱ्याने स्वतः लिहिलेल्या पत्राला ही चाळणी नव्हती. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जाई आणि तळावर अधूनमधून एखादा लखोटा उघडून बघत, तेवढंच. सभ्य गृहस्थ असल्या लबाड्या करत नाहीत, हे त्यामागचं गृहीत. ओवेनच्या बांडगुळाचा टिकाव लागला तो या गृहीतावर.

हा विश्वास हिंदुस्थानी शिपायाच्या वाट्याला कधीच आला नाही. सप्टेंबर १९१४च्या अखेरीला हिंदी फौजा मार्सेय बंदरात उतरू लागल्या. पायदळ १९१५च्या शेवटी मेसोपोटेमियाकडे गेलं तरी घोडदळ १९१८पर्यंत फ्रान्समध्येच होतं, आणि त्यात पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या आपल्या मुलखाची नावं मिरवणाऱ्या पलटणीही होत्या. यांची पत्रं पलटणीत एकदा तपासली जात आणि मग बुलोन बंदरातल्या खास कचेरीत पुन्हा. तिथे ई. बी. हॉवेल हा आयसीएस अधिकारी काही सहकाऱ्यांना घेऊन बसे. उर्दू, गुरुमुखी, हिंदी पत्रांतले निवडक उतारे इंग्रजीत उतरवून ते अहवालाबरोबर वर पाठवले जात. मूळ पत्रं गावोगाव गेली आणि बहुतेक नाहीशी झाली. सरकारने संशयाने केलेले हे तर्जुमे तेवढे राहिले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

तिथेही खुणा होत्याच. काळी मिरी आणि लाल मिरची ही त्यांतली सगळ्यात गाजलेली. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली, आता थोडी थोडी लाल वापरताहेत, असं गावाकडे कळवलं की जाणत्याने ओळखावं. अडचण एवढीच की ते हॉवेलच्या माणसांनीही ओळखलं. हॉवेलला एकूण या पत्रलेखकांचं कौतुक असावं असं वाटतं, कारण पत्रांतली मानभावी वाक्यं कोणती आणि आतली कोणती, हे तो अहवालात बारकाईने लिहितो. शिवाय पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसे. पलटणीतला कुणी लेखनिक लिहून देई, आणि गावात कुणीतरी ते चारचौघांसमोर वाचून दाखवी. सांगणारा, लिहिणारा, तपासणारा, वाचणारा, ऐकणारे. एवढ्या माणसांतून जाणाऱ्या पत्रात ‘मला भीती वाटते’ हे कसं घालायचं, ते त्या शिपायांनी मसाल्याच्या डब्यात शोधलं. ओवेनला त्या मानाने मोकळं रान होतं.

पुढे एप्रिल. सेंट-क्वेंतँजवळच्या साव्ही गावाच्या परिसरात त्याच्या पलटणीने हल्ले केले. २५ एप्रिलच्या पत्राप्रमाणे बारा दिवस तोंड धुतलं नाही, बूट काढले नाहीत, गाढ झोप नाही. एका रात्री रेल्वेच्या बांधाला टेकून झोपलेला असताना डोक्यापासून दोन यार्डांवर गोळा फुटला आणि जाग येण्याआधीच तो हवेत उडाला. नंतरचे दिवस त्याने रुळांच्या कडेच्या एका बिळात काढले. आडवं होण्यापुरती जागा, वर पत्रा. समोरच तशाच एका खड्ड्यात त्याच्या ओळखीचा, त्याच पलटणीचा एक अधिकारी होता, फक्त तो मातीखाली होता आणि त्याची सुटका कधीच होणार नव्हती. आईला एवढंच लिहिलं. दोन आठवड्यांनी बहिणीला, मेरीला, लिहिताना त्याने पुढचंही सांगितलं: तो अधिकारी एका जागी नव्हता, आजूबाजूला ठिकठिकाणी होता. आपल्याला जे झालं ते जर्मनांमुळे किंवा दारूगोळ्यामुळे झालं नाही, त्याच्या शेजारी इतके दिवस राहिल्याने झालं, असं त्याचं म्हणणं होतं. हा एकच प्रसंग, पण आईला एका मापाने आणि बहिणीला दुसऱ्या.

त्याला जे झालं त्याला तेव्हा शेलशॉक म्हणत. हात थरथरत, बोलणं अडखळे. २ मेच्या पत्रात तो आईला बजावतो की, मी खचलो असं मनातसुद्धा आणू नकोस, मी खचणं टाळतो आहे. डॉक्टरांना ते पटलं नाही. जूनअखेर तो एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट या लष्करी इस्पितळात पोचला. तिथल्या महिन्यांबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे थांबायची गरज नाही. कवी सीगफ्रीड ससून तिथेच भेटला, कविता बदलली, आणि ऑक्टोबरमध्ये विषारी वायूच्या हल्ल्यावरची ताजी कविता त्याने आईला पत्रासोबत पाठवून दिली. जसे ती त्याला मोजे पाठवी, तशा सहजपणे.

ऑगस्ट १९१८च्या शेवटी तो पुन्हा फ्रान्सला निघाला. इंग्लंडमध्येच राहण्याची खटपट करता आली असती. त्याने फार केली नाही. निरोपाच्या दिवशी समुद्रकाठी माय-लेक उभे असताना त्याने आईला एक ओळ म्हणून दाखवली. ती रवींद्रनाथ ठाकुरांच्या इंग्रजी गीतांजलीतली होती, इथून जाताना शेवटचा शब्द कोणता असावा याबद्दलची. या गोष्टीकडे परत यावं लागेल.

१ ऑक्टोबरला जाँकूर गावाजवळ त्याच्या पलटणीने जर्मन फळी फोडली. कंपनीचा कमांडर जखमी झाल्यावर ओवेनने तुकडी हातात घेतली, आणि या कामगिरीसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. त्याचा अर्दली त्याच्या बाजूलाच डोक्यात गोळी लागून पडला आणि अर्धा तास त्याच्या अंगावर तसाच होता. खांदा रक्ताने भिजला. ससूनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की संवेदना करपून गेल्या आहेत, धीर होईल तेव्हा पुन्हा काही वाटू देईन, आत्ता नको. मेलेल्यांच्या नावाने घरून आलेली पत्रं परत पाठवताना त्यांवर ‘मृत’ असा शेरा मारावा लागे. तो शेरा लिहिताना आपण तोंडातली सिगारेटसुद्धा काढत नाही, असं त्याने ससूनला कळवलं. पत्र तपासणं, पत्र लिहिणं आणि पत्र परत पाठवणं, टपालाची ही तीनही कामं एकाच माणसाच्या हातची.

आईला त्याच आठवड्यात सांगितलं ते वेगळ्या सुरात. माझं चित्त ठिकाणावर आहे. या पोरांना मदत करायला मी इथे आलो: एक तर चांगला अधिकारी होऊन, आणि दुसरं, त्यांचे हाल डोळ्यांनी पाहून, म्हणजे वकिलाला जमेल तितकं त्यांच्या वतीने बोलता येईल. पहिलं केलं आहे, असं तो म्हणतो. आणि लढाईबद्दल? रिव्हॉल्व्हरने एकाच माणसाला मारलं, तीसेक यार्डांवरून. बाकीच्यांना हसत हसत ताब्यात घेतलं. खाली सिगारेटी आणि मोजे.

शेवटचं पत्र ३१ ऑक्टोबरचं, गुरुवार, संध्याकाळी सव्वासहाचं. पत्ता म्हणून त्याने जंगलखात्याच्या माणसाच्या घरातलं धुरकट तळघर असं लिहिलं आहे. ऑर्स गावाबाहेरचं हे विटांचं छोटं घर. तळघरात धूर इतका की वीतभर अंतरावरच्या मेणबत्तीच्या उजेडातही कागद धड दिसेना, आणि माणसं इतकी की कोपरांच्या ढोसण्यांनी लिहिता येईना. डावीकडे कंपनीचा कमांडर बाकावर घोरतो आहे. उजवीकडे गोबऱ्या गालांचा एक जुना चाकर आनंदात. टेलिफोनवरच्या शिपायाचा एक कान यंत्राला, दुसरा पलीकडे चाललेल्या थट्टेला. भरघोस मिशांचा एक जुना खोंड बटाटे सोलून भांड्यात टाकतो आहे आणि पाणी ओवेनच्या हातावर उडतं आहे. कुणी ओली लाकडं फोडतंय, कुणी ती जाळावर घालून धूर वाढवतंय. बाहेरच्या तोफांची आपल्याला तुझ्यापेक्षा कमी जाणीव आहे, असं आईला सांगून तो म्हणतो: इथे खाली धोका नाही, आणि असलाच तर तू हे वाचेपर्यंत टळून गेलेला असेल.

या पत्राकडे पुष्कळांनी शहाणपणाचा, निवळलेला निरोप म्हणून पाहिलं आहे. ते पटत नाही. आपण मरणार हे त्या संध्याकाळी त्याला ठाऊक नव्हतं. बटाटे उडवत होते ते पाणी खरं होतं आणि त्याला त्या गर्दीत बरं वाटत होतं, इतकंच त्यात आहे. नवलाची गोष्ट दुसरी आहे. जानेवारी १९१७मध्ये फसवणूक नको म्हणून ज्याने पाणी गुडघ्यावर कुठपर्यंत चढलं तेही सांगितलं, तोच पावणेदोन वर्षांनी नव्या हल्ल्याच्या तोंडावर आईला स्वयंपाकघराची बातमी देतो. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला भीती सांगावीशी वाटते. दुसऱ्यांदा गेलेल्याने ती ससूनकडे ठेवली.

४ नोव्हेंबरला पहाटे सांब्र-वाज कालवा ओलांडण्याच्या प्रयत्नात तो मारला गेला. वय पंचवीस. समोरच्या काठावरून मशीनगन चालू असताना तराफे आणि तरंगता पूल पाण्यात ढकलण्याचं काम चाललं होतं. त्या सकाळी या टापूत चार व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले गेले. घरी तार गेली ती ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या दिवशी, श्रूजबरीत घंटा वाजत असताना.

ऑगस्ट १९२०मध्ये सुझन ओवेनने रवींद्रनाथांना पत्र लिहिलं. रवींद्रनाथ त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. मुलाने निघताना म्हटलेली ओळ, आणि नंतर त्याच्या खिशातल्या वहीत त्याच्या हस्ताक्षरात सापडलेली तीच ओळ, खाली त्यांचं नाव. ही पूर्ण कविता कोणत्या पुस्तकात सापडेल, एवढंच तिला विचारायचं होतं. पावणेदोन वर्षांनी तिने हे विचारलं, हे लक्षात घेतलं की आईला किती मापाने सांगावं हा मुलाचा सारा हिशेब जरा उतावळा वाटतो. ती बाई तो समजत होता त्याहून चिवट होती.

पत्रं तिने सगळी जपली. पुढे ती धाकट्या भावाकडे, हॅरल्डकडे आली, आणि त्याने जॉन बेल यांच्याबरोबर ती १९६७मध्ये पुस्तकरूपाने काढली. छापण्याआधी हॅरल्डने काही मजकूर काळ्या शाईने झाकला, काही ठिकाणी कात्री चालवली. काय काय गेलं ते सगळं कळायला मार्ग नाही. मुलाने शिपायांची पत्रं तपासली, भावाने त्याची.

याच पुस्तकात मिलिटरी क्रॉसच्या मानपत्राचा मजकूरही आहे. त्यात म्हटलंय की ओवेनने एकट्याने शत्रूची मशीनगन काबीज केली आणि बरेच कैदी धरले. आईला लिहिलेल्या, हसत हसत पकडलेल्या कैद्यांच्या हकिकतीशी ते छान जुळतं. सरकारी गॅझेटमध्ये मात्र १९१९ साली छापलेला मजकूर वेगळा आहे: काबीज केलेली ती मशीनगन त्याने स्वतः एका एकाकी जागेवरून चालवली आणि शत्रूची मोठी हानी केली. हा बदल घरातच झाला असावा असं अभ्यासक मानतात, आणि त्यांचा रोख हॅरल्डकडे आहे.